वेदीपासून परतलेली बाजरी

नव्या बाजरीला एक कोवळा, धुळकट, किंचित गोडसर वास असतो. आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला तो वास दारातच भेटायचा. पडेगावकडची माणसं भोपळे आणायची, खुलताबादच्या डोंगरातून सीताफळं यायची, कुणाच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी असायची आणि ती नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडायची. धरणीने दिलेलं धरणीच्या धन्यापुढे कृतज्ञतेने ठेवायचं, एवढा साधा त्या सणाचा अर्थ! उपासनेनंतर त्याच वस्तूंचा लिलाव व्हायचा, दोडक्यालाही सोन्याचा भाव यायचा आणि ज्याचा दोडका त्याची मान दिवसभर ताठ राहायची. दान माणसाला उंच करतं, हे मी त्या गलक्यातच शिकले.

यंदा तो वास नव्हता. चर्चमध्ये नवी, चकचकीत फरशी बसली आणि पाठोपाठ चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचांना शहाणपण सुचलं. धान्य-भाजी आणू नये. अर्पण पाकिटात घालावं किंवा मोबाइलवरून पाठवावं. सूचना ग्रुपवर आली. ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्यांना ती कशी कळावी? पण फरशीची काळजी वाहता वाहता पंचांनी तरी कुठे कुठे पुरं पडायचं!

मार्थामावशी आमच्याच मंडळीत, म्हणजे याच चर्चच्या परिवारात वाढलेल्या, लग्न होऊन कन्नडकडे गेलेल्या. नवरा वारला तरी वीतभर रान स्वतः कसतात आणि दरवर्षी या सणाला, माहेरच्या वेदीवर ठेवायला, एसटीने बाजरी घेऊन येतात. याही वर्षी आल्या. डोक्यावर पिशवी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. मंडळीच्या चिटणिसांनी त्यांना दारातच अडवलं.

"मावशी, हे आता बंद केलंय. फरशी खराब होते."

"पाखडून आणलीय बाबा, एक खडा नाय तिच्यात," मावशी म्हणाल्या. त्यांना वाटलं, बाजरीतच काही खोट निघाली.

पिशवी बाहेर चपलांपाशी ठेवून त्या आत येऊन बसल्या. पाळकसाहेबांनी त्या दिवशी प्रवचनात गरिबाच्या दानाची थोरवी इतक्या रसाळपणे सांगितली की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. उपासना संपल्यावर गरजूंना शिधा वाटायचा होता. चिटणिसांची नजर मावशींच्या भेगाळलेल्या पायांवर गेली आणि त्यांना एकाएकी कणव आली. आंधळ्या कणवेइतकं क्रूर दुसरं काय असतं? त्यांनी मावशींचा हात धरून त्यांना रांगेत उभं केलं, शिध्याची पिशवी हातात दिली, फोटो काढला. द्यायला आलेली बाई चारचौघांदेखत घेणाऱ्यांत जमा झाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. त्यांची बाजरी माझ्या हातात होती, मंडळीचा शिधा त्यांच्या हातात. गाडी लागली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि मी पिशवी आत देताना हळूच म्हणाल्या, "औंदा देवानं माझं घेतलं नाय बघ. काय चुकलं असंल गं माझं?"

मला संताप आला, रडूही आलं. देवाने नव्हे, फरशीपायी तुम्हाला आम्हीच नाकारलं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं असतं, तरी देवाची मर्जी आणि पंचांची मर्जी निरनिराळी असते, यावर त्या भाबड्या जिवाचा विश्वास बसला असता का?

मंडळीतली देण्याची वृत्ती कुठे गेली, असं पाळकसाहेब हल्ली दर रविवारी खेदाने विचारतात आणि आम्ही सारे माना खाली घालतो. कुठे जाणार? कन्नडच्या एसटीत बसून परत गेली, आणि तिला गाडीपर्यंत आपणच पोचवून आलो.