सुट्टीतली आत्या

पोरांचं भांडण पेटलं की आत्या त्यांच्याकडे पाठ करून बसायची. मांडी घालून, तोंड भिंतीकडे, पुढ्यात निवडायचे तांदूळ. मागे तीस पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. आधी विहिरीवर जायचं की आधी खो-खो, आमटी कुणी करायची, भांडी मुलींनीच का घासायची. ती मान वळवायची नाही. आवाज खाली आला की विचारायची, "ठरलं का?"

"ठरलं आत्या."

"मग मला नका सांगू. करा."

उन्हाळी शिबिरं तुम्हीही पाहिली असतील. एका रंगाच्या टोप्या, मैदानाच्या तोंडाशी फलक, फलकावर उद्याच्या नेतृत्वाविषयी एखादं वाक्य. आत्याच्या शिबिराला फलक नव्हता आणि नावही नव्हतं. पोरं नुसतं "आत्याकडं चाललो" म्हणत.

मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. पौड सोडलं की रस्ता धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीकडे जातो, त्याला लागून ते गाव. आत्या मूळ गावातली नव्हे, वरच्या धनगरवाड्यावरची. नवऱ्याने टाकल्यावर माहेरी आलेली, भावाच्या शेळ्या राखणारी, तिसरीपर्यंत शिकलेली. वाड्यावरच्या पोरांची ती आत्याच लागायची. त्यांचं ऐकून गावातली पोरं म्हणू लागली, मग मीही.

एका एप्रिलमध्ये वाड्यावरचे दोघे भाऊ धरणाच्या पाण्यात बुडाले. आईबाप दोघंही एका रिसॉर्टवर कामाला, घरी कुणी नाही. त्यानंतर चारेक दिवसांनी आत्या शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"गुर्जी, सुट्टीत शाळा बंदच असती. किल्ली द्या."

"कशाला?"

"पोरं पान्याकडं जात्यात. त्यास्नी जायाला दुसरी जागाच न्हाई."

मी किल्ली दिली. फार विचार केला नाही, म्हणून दिली. विचार केला असता तर वरून परवानगी मागितली असती, आणि ती अजून यायची असती.

पहिल्या उन्हाळ्यात तिने पोरांना पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा कॅन बांधून एकेकाला विहिरीत सोडायची आणि स्वतः नऊवारीचा काचा मारून पाण्यात उभी. पुढच्या वर्षापासून ते नुसतं पोहणं राहिलं नाही. रोज सकाळी ती एका पोराच्या गळ्यात शिट्टी अडकवायची. त्या दिवशी त्याचं राज्य. कोण निवडायचा, तर रांगेत जो सगळ्यांत मागे लपलेला असेल तो.

एकदा ती शिट्टी दत्तूकडे गेली. दत्तू बोलताना अडखळायचा. वर्गात मी त्याला कधी उभं करत नसे. मला वाटे, मी त्याच्यावर दया करतो आहे. त्या सकाळी "मैदानाला दोन फेऱ्या" एवढं सांगायला त्याला किती वेळ लागला, मी मोजला नाही. ऊन चढत होतं आणि सगळी पोरं उभी होती. एक मुलगा हसला. आत्या त्याला म्हणाली, "त्याला येळ लागतो. आपल्याला कुटं जायचंय?" दत्तूने वाक्य पुरं केलं. पोरं पळाली. दुसऱ्या दिवशी दत्तू रांगेत मागे लपला नव्हता.

स्वयंपाकाचीही गंमत होती. काय करायचं ते पोरांनी ठरवायचं. एकदा त्यांनी मिसळ ठरवली आणि मटकी भिजत घालायची विसरली. आत्याला आदल्या दिवशीच दिसलं होतं, पण ती बोलली नाही. दुपारी चारला सगळ्यांनी नुसता भात खाल्ला, तिनेही. मला वाटलं, आता ऐकवेल. पोरांनाही वाटलं. तिने घास गिळला आणि म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय."

पण त्या शिबिराचा खरा गाभा दुपारचा होता. जेवणं झाली की पोरं शाळेच्या ओट्यावर गोल करून आडवी व्हायची. डोकी मध्ये, पाय बाहेर. वर पत्रा आणि वासे. ज्याला बोलायचं असेल त्याने वर बघून बोलायचं. "तोंडाकडं बगितलं की माणूस समोरच्याला बरं वाटंल तेच बोलतो," ती म्हणायची. कुणी सांगे, बाप पिऊन येतो. कुणी सांगे, जमीन विकल्यापासून घरात कुणी कुणाशी बोलत नाही. एका मुलाने सांगितलं होतं की बुडालेल्या दोघांबरोबर तोही जाणार होता. कुणी उपदेश करायचा नाही, हाच नियम. बोलून झालं की शेजारच्याने नुसता हात धरायचा.

कार्यालयाची खिडकी त्याच ओट्यावर उघडायची. सुट्टीतली कागदपत्रं उरकायला मी येत असे आणि खिडकीशी बसून सगळं ऐकत असे. चांगली सात वर्षं ऐकलं. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे.

आठव्या उन्हाळ्यात सारिका बोलली. गावातल्या बाळासाहेबांची मुलगी, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. बाळासाहेब वजनदार माणूस, शाळा समितीचे अध्यक्ष. सारिका पत्र्याकडे बघत म्हणाली, "माझं लगीन ठरलंय. कासारसाईकडचं स्थळ हाय. मला बारावी करायचीय."

शेजारणीने तिचा हात धरला. मग दत्तू उठून बसला. त्या दिवशीही योगायोगाने शिट्टी त्याच्याकडे होती. "आत्या, का-काय करायचं?"

आत्याने पोरांकडे पाठ केली. मी खिडकीतून तिचा चेहरा पाहत होतो. पुढ्यात तांदूळ नव्हते, म्हणून ती नुसतीच आपल्या तळहातांकडे बघत बसली होती. ती घाबरली होती.

पोरांनी ठरवलं आणि केलं. संध्याकाळी तीस पोरं बाळासाहेबांच्या अंगणात जाऊन ओळीने बसली. नेमकी नवऱ्याकडची माणसं आलेली. पोरांनी घोषणा दिल्या नाहीत की आरडाओरडा केला नाही. दत्तूने उभं राहून सांगितलं, "सा-सारिकाला शिकायचंय." त्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ पाहुणे हातातला चहा न पिता थांबले. आणि चहा न पिताच उठले.

लग्न मोडलं. पोरं नाचत परत आली. आत्या माझ्यापाशी येऊन म्हणाली, "पोरांनी केलं, गुर्जी. आता पोरांचं काय करत्यात ते बगा."

पोरांचं कुणी काही केलं नाही. समितीची बैठक बसली. आत्याला दाराबाहेर उभं केलं होतं. बाळासाहेब म्हणाले, "वाड्यावरची बाई आमच्या पोरींची लग्नं मोडायला लागली. शाळेच्या ओट्यावर पोरांस्नी झोपवून घरातलं काढून घेती. गुरुजी, तुमाला ठावं होतं का हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती."

दारातून आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग समितीकडे बघून ती म्हणाली, "खरं हाय. गुर्जींस्नी काय ठावं न्हवतं." आणि तिने शाळेची किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेत रीतसर शिबिर भरलं. शहरातली एक संस्था आली. टोप्या आल्या, फलक आला. शिकवणारी मुलगी मनापासून करायची, तिला मी नावं ठेवणार नाही. नेता निवडायला तिने मतदान घेतलं आणि बाळासाहेबांचा पुतण्या निवडून आला. दुपारी मुलांना एक कागद द्यायची. त्यावर हसरा, रडका आणि मधला असे तीन चेहरे. आज मन कसं आहे, तिथे खूण करायची. सगळी मुलं हसऱ्या चेहऱ्यावर खूण करायची. ती मला कौतुकाने म्हणाली, "सर, तुमच्याकडची मुलं किती समाधानी आहेत!" मी हो म्हणालो.

त्याच शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात आत्या शाळेत आली. वर्षभराने येत होती. सारिकाचं लग्न पुन्हा ठरलं होतं, त्याच घरात. आत्याने कुणाकडून तरी बालविवाहाच्या तक्रारीचा फोन करवला होता. तालुक्याहून एक साहेब येऊन गेले. घरच्यांनी आधार कार्ड दाखवलं, त्यावर मुलगी अठराच्या वर. शाळेचा दाखला असेल तर बघू, असं साहेब जाताना म्हणाले होते.

"तुमच्या बुकात तिची खरी तारीख असंल, गुर्जी."

ती जनरल रजिस्टरविषयी बोलत होती. पहिलीत नाव घालताना लिहिलेली जन्मतारीख त्यात असते. रजिस्टर माझ्या मागच्या कपाटात होतं. सारिकाला अठरा पुरी व्हायला वर्षाहून अधिक अवकाश होता. हे पाहायला मला कपाट उघडावं लागलं नसतं. तिचं नाव मीच घातलं होतं.

"असं कुणालाही देता येत नाही," मी म्हणालो. "लेखी अर्ज करावा लागेल."

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आली. स्वतः लिहिलेला, तिसरीतल्या अक्षरात, एकेक ओळ उतरत गेलेली. 'मा. मुख्याध्यापक साहेब यांस. सारिकाची जन्म तारिख मिळावी. लगीन सोमवारी आहे.' खाली सही. सहीच्या शेजारी, कमी पडायला नको म्हणून, अंगठाही.

मी अर्जावर आवक क्रमांक घातला. "वर पाठवतो, मान्यता आली की कळवतो," म्हणालो.

"सोमवारच्या आदी येईल?"

"बघू."

ती पायरी उतरून गेली. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. अर्ज खणात ठेवला आणि सोमवारी लग्नाला गेलो. मुलांच्या शिबिराला त्या दिवशी सुट्टी होती, सगळी टोप्या घालून पंगतीला बसली होती. मला पहिल्या रांगेत बसवलं, टोपी-टॉवेल देऊन सत्कार केला. अक्षता पडत असताना सारिकाने मान वर करून मांडवात नजर फिरवली. ती नजर माझ्यापाशी थांबली नाही. दत्तू लग्नाला आला नव्हता. तो पुढे शिबिरालाही आला नाही.

आत्या त्या पावसाळ्याआधीच वाड्यावरून गेली. भावाला गावातल्या शेतांवर कामं मिळेनाशी झाली होती, शेळ्यांना कुणी रानात शिरू देईना. बहिणीमुळे होतंय म्हटल्यावर ती निघाली.

मी वेळेवर, पूर्ण सन्मानाने निवृत्त झालो. भुकूमला फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी हिंजवडीच्या बाजारात एका बाईने वाकून नमस्कार केला. सारिका. कडेवर एक मूल, बोटाला मुलगी. मी कशी आहेस विचारलं, ती बरी आहे म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाली. मग तिने विचारलं, "सर, आत्या कुटं असत्यात?"

"चौकशी करतो."

"भेटल्या तर सांगा, माझी लेक पवती. मीच शिकवलं तिला."

एवढं एक काम मी केलं. विचारत विचारत ताम्हिणीत पोहोचलो. घाटाच्या अलीकडे एक ढाबा आहे, त्याच्या मागच्या बाजूला आत्या भाकरी थापत होती. केस पांढरे झालेले, हातावर भाजल्याचे डाग. मला पाहून उठली, खुर्ची पुसली.

"बसा गुर्जी. भाकरी खाऊन जा."

मी सारिकाचा निरोप सांगितला. ती खुदकन हसली, एखाद्या मुलीसारखी. "पवती व्हय? लई भारी." मग पुन्हा पिठात हात घातला.

मी कित्येक दिवस मनात घोळवलेलं बोललो. चुकलो, म्हणालो. अर्ज खणातच होता, म्हणालो. त्या बैठकीत खोटं बोललो, आणि तू मला वाचवलंस, असंही म्हणालो.

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुमी वाईट न्हाई, गुर्जी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी नुसतं भ्याला. पर वाईट मानूस असता तरी त्या पोरीचं हेच झालं असतं न्हवं? तिनं फरक कसा वळखायचा?"

मी भाकरी खाल्ली. तिने आणखी वाढली, तीही खाल्ली. निघताना ती रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि समोरून येणाऱ्या ट्रककडे बघत म्हणाली, "संबाळून जा. हितं वळनावर दिसत न्हाई."

यंदा मे महिन्यात पुन्हा गेलो. चुलीपाशी दुसरी, तरुण बाई होती. आधीची बाई कुठाय, असं मी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं.

"आत्या? गेली की," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

आपल्याकडे गेली म्हणजे दुसरीकडे कामाला गेली असंही होतं आणि दुसरंही होतं. तो तिथेच उभा होता, हातभर अंतरावर. गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणखी काही हवंय का म्हणून. मी चहा सांगितला.