सबसिडीपुरती आत्या

झाशीतल्या नगरा भागातल्या आमच्या घराचं विजेचं कनेक्शन माझ्या नावावर आहे. वडिलांनी घर बांधलं तेव्हा भाऊ बेकार होता आणि मी शाळेत शिकवत होते, म्हणून. पुढे भाऊ गेला, वहिनी गेली. घरात उरलो भाचा, त्याची बायको आणि गच्चीवरच्या खोलीत मी. लग्न केलं नव्हतं, तेव्हा मला दुसरीकडे जायचं नव्हतंच. त्या खोलीला रेल्वेलाइनकडे उघडणारी खिडकी होती आणि ती माझी होती.

भाचा मला हिंदीत बुआजी म्हणतो. मराठी त्याला कळते, बोलायची लाज वाटते. उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी तो चक्क जिने चढून आला नि दारातून म्हणाला, "आत्या, कसे आहात तुम्ही?" केस पिकायला लागलेल्या माणसाच्या तोंडून आत्या ऐकून मला हसू आलं, आणि डोळेही भरले. त्याला गच्चीवर सोलर बसवायचं होतं. सरकारी सबसिडी मिळते, पण बिलावर ज्याचं नाव त्यालाच. "सही तुमची लागते, आत्या."

झाशीतल्या आम्हा मराठी माणसांची ही खोडच. दिवसभर हिंदी ऐकून कान उपाशी असतात. कोणी मराठीत दोन शब्द गोड बोललं की आम्ही विरघळतो. मी सही केली.

मग पॅनलवाला माप घ्यायला आला. माझ्या खोलीची सावली पॅनलवर पडेल, म्हणाला. मी खोली सोडणार नाही म्हटल्यावर भाच्याची बायको म्हणाली, "बुआजी, अब तो साइन हो गए, अब कुछ वापस नहीं होता." धडधडीत खोटं होतं, पण मला ते खोली पडल्यावर कळलं. खिडकीची चौकट भंगारवाल्याने नेली.

मला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत आणलं. तिला खिडकी नाही, भर दुपारीही दिवा लागतो. "जलाए रखिए बुआजी, अब तो बिजली फ्री है," सूनबाई हसून म्हणाल्या. त्यातही गंमत अशी, की बाहेरची लाइट गेली की हे पॅनलही बंद पडतात. वर सूर्य आग ओकत असतो आणि त्याच्याच खाली मी काळोखात घामाघूम बसलेली असते. पॅनल चढले त्या दिवशी भाच्याची मराठी संपली. ताकापुरती आजी म्हणतात ना, तशी मी सबसिडीपुरती आत्या.

पण सबसिडी आली ती माझ्या खात्यात. त्याच संध्याकाळी दारात आवाज, "आत्या, जेवण झाला का?"

आता मी शहाणी झाले होते. "आधी खोली बांध, मग चेकवर सही," मी म्हटलं. "बघतो, आत्या." तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येऊन उंदरांच्या वासात पाटावर बसतो. मी त्याला मराठीत बोलायला लावते. ऑफिसात काय झालं, भाजी कुठली केली, सगळं. अडखळला की तोंडावर हसते, पुन्हा म्हणायला लावते. त्याच्या डोळ्यांतला राग मला दिसतो आणि बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, दिवसभर मी त्याच्याच वाटेकडे डोळे लावून असते.

काल मात्र तो एकदाही अडखळला नाही. माझ्या दम्याच्या औषधांकडे पाहत म्हणाला, "आत्या, तुमच्यानंतर हे पैसे कोणाला मिळणार?"

"तुलाच," मी म्हटलं. "दुसरं आहे कोण मला?"

तो शांतपणे उठला. पाट भिंतीला लावला. वीज फुकट होती, तरी जाताना त्याने दिवा बंद केला.