वाजली का वडी?

दारव्ह्यात सुखानं चाललेला असा एकही धंदा नसेल, जो माझ्या नणदेच्या यजमानांनी सुधारला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्मभर काचेच्या नळ्या धुऊन भाऊजी निवृत्त झाले आणि उरलेलं विज्ञान त्यांनी गावावर ओतलं. यवतमाळात कुठं व्याख्यान असलं की जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायचे, वही भरून आणायचे आणि उतरल्यावर जे पहिलं दुकान दिसेल त्याचं भलं करायचे. स्टँडजवळच्या न्हाव्याला त्यांनी मोबाइलवर नंबर लावायची सोय करून दिली. गिऱ्हाइकं बाकावर बसून नंबर लावायची आणि मोबाइल 'या' म्हणेपर्यंत समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहायची. शिंप्याला फोटोवरून माप काढणारं ॲप दिलं. त्या मापाचं माझं पोलकं अजून आहे. त्यात मी आणि नणंद एकदम मावतो.

मग पाळी आली आमची. आम्ही पाच जणी मुंगवड्या घालून विकायचो. ऊन असलं तर धंदा, पाऊस आला की वड्याही घरात आणि आम्हीही. भाऊजींनी विजेवर वड्या सुकवणारं कपाट आणवलं आणि यवतमाळच्या एका दुकानदाराला शब्द दिला. पहिला माल पसंत पडला, तर बारमाही काम. बायांनी त्या भरवशावर शेतात निंदणाला जाणं सोडलं.

सोबत एक रजिस्टरही आलं. दर तासाला कपाटावरचा उष्णतेचा आकडा लिहायचा. मी तेव्हा अवघी एकसष्टची. अक्कल कोवळी, अहंकार मात्र पिकलेला. वडी सुकली की नाही हे मी मूठभर वड्या कानाशी खुळखुळवून सांगायचे; वाजली की सुकली. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"माह्या कानाले काय झालं, भाऊजी? रजिस्टर कायले पाह्यजे?"

"वहिनी, तुमचा कान तुमच्यासंगं जाईन. रजिस्टर मांगं राहीन."

मला राग आला. मी दुपारच्या चहाबरोबर एका बैठकीत येत्या आठवड्याचे आकडे लिहून टाकले. सगळे साठ. इतकं शिस्तीचं कपाट जगात दुसरं नसेल. कानाशी मूठ नेणंही सोडलं. म्हटलं, मशीनच पाहील आता!

आठ दिवसांनी माल परत आला. आमच्यातल्या सुमननं पुडा फोडला. "काकू, याले तं बुरशी आली वं!"

भाऊजींनी रजिस्टर मागितलं. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मंगळवार. मंगळवारी दिवसभर लाइन नव्हती. कपाट बंद, आकडा बंद. माझ्या रजिस्टरात मात्र मंगळवारीही साठ.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, रजिस्टर मिटलं आणि बायांना म्हणाले, "चूक माही हाये. वहिनीच्या कानाले न इचारता मशीन लावली म्या."



ते स्वतः यवतमाळला जाऊन दुकानदाराच्या हातापाया पडले, एक संधी मागून आले. मग माझ्यासमोर बसून वड्या खुळखुळवायला शिकले. रजिस्टरात नवा रकाना पडला: 'वाजली का?' तो माल पास झाला. आज आम्ही अकरा जणी आहोत.

आता भाऊजींना ऐकू येत नाही. साऱ्या तालुक्याला यंत्रं वाटणारा हा माणूस कानात यंत्र घालायला तयार नाही. "माहं काय अडलं?" म्हणतात. रोज संध्याकाळी येतात, मूठभर वड्या कानाशी धरतात, खुळखुळवतात आणि हळूच माझ्या तोंडाकडं बघतात.

"वाजली!" ते म्हणतात.

"वाजली, भाऊजी," मी मोठ्यानं म्हणते.

ते खुशीत घरी जातात. वडी वाजली नसली, की मी ताट पुन्हा कपाटात सरकवते आणि त्या रकान्यात खरं काय ते लिहिते.