दुसरी मोजणी

१२ ऑक्टोबर. दुकानाला चुना मारायचा आहे, म्हणून सकाळपासून सामान बाहेर काढते आहे. दुकान मूल गावात, भाताच्या गिरण्यांच्या रस्त्यावर, विजेच्या मोटारी भरायचं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि नव्या तारेचे तेवढेच वेढे घालायचे. आधी हे दुकान चाचांचं होतं, मला हे काम शिकवणाऱ्या मिस्त्रींचं. तीन वर्षांपासून माझं आहे.

मी मोजलेलं चाचा पुन्हा मोजायचे. दर वेळी. जळकं वेटोळं माझ्या हातातून घेऊन, अंगठ्याच्या नखाने एकेक तार सरकवत, ओठ न हलवता. त्यांचं होईपर्यंत मी माझा आकडा बोलायचा नाही. एकदा मी बोलून गेले, तर चाचा वेटोळं खाली ठेवून समोर सुमनबाईच्या ठेल्यावर गेले, चहा प्यायले आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू केलं. म्हणाले, "एकट्यानं मोजला तो अंदाज असते, मास्तरीणबाई. दोघांनी मोजला का आकडा होते." सोळा वर्षं शाळेत गणित शिकवून आलेली मी. मला ते लागायचं.

शाळा विनाअनुदानित होती, पोरं दरवर्षी कमी होत होती. आई गेल्यावर घरी मी एकटीच. एका उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या बोअरची मोटार जळली, ती घेऊन मी चाचांकडे आले आणि दिवसभर बघत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा वर केला.

"मोटार तं कालच नेली न तुम्ही. आता काय पाहून राह्यल्या?"

"शिकवाल का?"

"मास्तरीण तुम्ही, अन् शिकवाचं म्या?" ते हसले. "पोराले लय सांगतलं. तो घुग्घुसले ट्रक चालवते. बसा. पदर सांभाळा, वार्निशचा डाग निघत नाई."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानात बोलणं असं नव्हतंच. वेढे घालताना कोणी बोललं की मोजणी मोडते, ही त्यांची सबब. पण जेवतानाही आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून बसायचो. ते एक कांदा हाताने फोडून अर्धा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचे, एवढंच. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बघून विचारायचं, "मिस्त्री कुठी गेले?" चाचा आतून ओरडायचे, "समोर बसल्या न! अर्ध्या मिस्त्री हायेत."

सुटीच्या शेवटच्या आठवड्यात एका गिरणीची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार आली. मी चाचांना म्हटलं, ही मी एकटी भरते. चालली तर शाळेचा राजीनामा, नाही तर सोमवारी शाळेत. ते जुम्म्याच्या नमाजाला गेले, तोवर मी तार कापून मोजली. बेचाळीस. आल्यावर त्यांनी आकडा विचारला, मान हलवली. भरून, वेढ्यांवर वार्निश ओतून झाल्यावर म्हणाले, "आता दोन दिवस येऊ नका. वार्निश वाळू द्या." तिसऱ्या दिवशी मी आले तर गिरणीवाला मोटार घेऊन गेलेला. "चालली तुमची मोटार," म्हणाले. त्याच दुपारी मी राजीनामा दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "मोटार चालते आहे, सर."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर चाचा प्रत्येक मोटारीचे आकडे निळ्या पेन्सिलीने लिहायचे. त्याच भिंतीवर, टेबलाच्या वर मात्र कॅलेंडर असायचं. दरवर्षी नवं कॅलेंडर ते स्वतः स्टुलावर चढून त्याच खिळ्याला लावायचे. गुडघे दुखायचे, तरी मला लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर मीही तिथेच लावत आले.

आज ते काढलं. खाली लिहिलेलं होतं: गिरणी, साडेसात, ४२. बेचाळीसवर आडवी रेघ. शेजारी ४६.

चार वेढे कमी. तशी मोटार चालते, तापते आणि आठवड्याभरात जळते. वार्निश एका रात्रीत वाळतं. नंतर मी इतक्या मोटारींना वार्निश दिलं, पण ते दोन दिवस कुठे गेले, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझी तार उपटून त्यांनी एकट्याने मोटार पुन्हा भरली होती. आणखी एक स्टुलावरच आठवलं. त्या मोटारीच्या आधी ते माझं मोजलेलं पुन्हा मोजत नसत.

"बाई, ते कॅलेंडर धरून काऊन उभ्या राह्यल्या?" समोरून सुमनबाई ओरडली. "पडसान न!"

मी उतरले. खरं सांगितलं असतं तर मी सोमवारी शाळेत गेले असते, हे त्यांना माहीत होतं. हे माझ्यासाठी केलं, की दुकानात त्यांना कोणीतरी हवं होतं? भांडायलाही माणूस राहिलेला नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा ते घरी खाटेवर होते, पायांवर चादर. त्यांनी दुकानाचं विचारलं नाही, तब्येतीचं बोलू दिलं नाही.

"दुसऱ्यांदा कोन मोजते आता?"

"मीच."

"मंग ते एकदाच झालं न," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

संध्याकाळपर्यंत भिंतीवरचे सगळे आकडे वहीत उतरवले. त्या ओळीतले दोन्ही, रेघेसकट. मग चुना मारला. टेबलाच्या वरचा भाग सगळ्यात शेवटी.

१३ ऑक्टोबर. सकाळी एटापल्लीकडून एसटीने आलेली पाण्याची मोटार उघडली. तार कापली, मोजली. मग दारात जाऊन हाक मारली.

"सुमनबाई, शंभरपर्यंत मोजता येतं का?"

"रोज दोनशे कप चहा इकतो मी. काऊन?"

"हात पुसून या."

ती आली, चाचांच्या स्टुलावर बसली. मी वेटोळं तिच्या हातात दिलं आणि नखाने तार कशी सरकवायची ते दाखवलं.

"तुम्ही मोजले न? किती हायेत?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं आणि माझा आकडा तोंडातच ठेवला.