वाकणारा बंपर

प्रताप नगरमधले आमचे शेजारी रेल्वेतल्या बदलीने भुसावळहून जयपूरला आले. कलिंगड असो की दार, कोणतीही वस्तू ते आधी बोटाच्या पेराने वाजवून बघतात. त्यांच्या जुन्या गाडीचा फायबरचा बंपर तडकला, तेव्हा ते मला घेऊन दुकानात गेले आणि मांडलेला एकेक बंपर वाजवू लागले.

"साहब, लोहे का लगवाओ. गाड़ी टैंक बन जाएगी," दुकानदार म्हणाला.

"आणि धक्का आत बसलेल्याला," ते माझ्याकडे वळून म्हणाले. फायबर त्यांना पुन्हा नको होतं. दाबला की आत जाऊन परत फुगणारा प्लास्टिकचा बंपर त्यांनी घेतला. आधीचा कशाने तडकला, ते मात्र सांगितलं नाही.

रविवारी ते दिसलं. वहिनी गाडी शिकत होत्या आणि थेट फाटकाच्या खांबावर गेल्या. "अहो, पुन्हा तोच खांब! मी आता चालवणारच नाही," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

बाजूच्या सीटवरून ते उतरले. नव्या बंपरकडे त्यांनी पाहिलंही नाही. खांब दोनदा वाजवला.

"हा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "चल, रिव्हर्स टाक."