पेलोमिक्साची भावकी

अमिबा म्हटलं की आमच्याकडे लोक आधी पोटावर हात ठेवतात. प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मला याचा वीट आलाय. पाठ्यपुस्तकातही वर्षानुवर्षं तीच एका केंद्रकाची आकृती. म्हणून यंदा मी वर्गाला सांगितलं, तळ्याच्या तळाचा काळा, वास मारणारा गाळ आणा.

गाळ आणला तो दिग्रसजवळच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या एका बाईच्या मुलीनं. बशीत पसरल्यावर तिलाच आधी दिसलं: रव्याच्या कणाएवढं, करडं, सावकाश पुढे सरकणारं काहीतरी. तो पेलोमिक्सा होता. नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तरी एकच पेशी. आत केंद्रकं मात्र ढीगभर. जिथं हवा पोचत नाही अशा चिखलात त्याचं बरं चालतं.

"मॅडम, हा कोनाचा कोन लागते?" तिनं विचारलं. असा प्रश्न वर्गात कधी येतो? मी हरखून गेले. सांगितलं, पूर्वी आकार बघून कुळं ठरवायचे, आता जनुकं बघतात. मेंदूत शिरणारा जीवघेणा अमिबा याचा कुणीच नाही, त्याची फांदीच वेगळी. पण हगवणीचा अमिबा मात्र याच्या भावकीतला. असं असलं तरी पेलोमिक्सा कुणाला आजारी पाडत नाही.

पोरीनं आनंदात व्हिडिओ टाकला, ‘आमच्या तळ्यातला महाकाय अमिबा’. तो फिरत फिरत गावभर गेला, तोवर कुणीतरी त्याला मेंदूच्या आजाराची ओळ चिकटवली होती. तिच्या आईचे मासे कुणी घेईना. त्या घराची चूल तळ्यावरच पेटते.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेले. माय घमेल्यात रोहू मांडून बसलेली, पोरगी शेजारी. भोवती माणसं होती, पण घेणारं कुणी नव्हतं. मी घसा ताणून सांगितलं की मेंदूचा अमिबा वेगळा, हा वेगळा. लोकांना पटायला लागलं होतं. एका म्हाताऱ्यानं तर पिशवीही उघडली. मग तो पोरीकडे वळून म्हणाला, "तू शिकून राह्यली नं, पोरी? मंग तूच सांग. हगवनीच्या अमिबाचा हा सोयरा होय का नाही?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "होय. पन तो..."

त्या ‘पन’च्या पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. म्हाताऱ्यानं पिशवीची घडी घातली. मी ओरडून सांगत राहिले की भावकीतला एक चोर निघाला म्हणून सगळे चोर होत नाहीत, हा चिखलात राहतो, माणसाच्या पोटात याचं काही काम नाही. ज्या गावात लग्न जमवताना सात पिढ्या उकरतात, तिथं हे कोण ऐकणार? मला त्या सगळ्यांचा संताप आला होता. आणि पोरीचा अभिमान वाटत होता, तो दाखवायची सोय नव्हती.

मी दोन रोहू मागितले. मायनं घमेल्यावर ओलं फडकं टाकलं.

"तुमी नोका घेऊ, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "कीव करून कोनी घेतलेले मासे मले नाही इकायचे."

पुढच्या प्रॅक्टिकलला पोरगी आली, याचंच मला हायसं वाटलं. नवा गाळ दुसऱ्या कुणीतरी आणला होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीत एक पेलोमिक्सा सरकत होता. मला लांबूनही दिसत होता. मी तिलाच आधी बोलावलं. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ हलली नाही. मग बाजूला झाली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.