रिकाम्या स्टुलाला विचारलेला प्रश्न

मंडळी, दुपारची एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतच शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, माझ्या मुलीच्या शेजारी रॉय नावाचे म्हातारे राहतात. गॅरेजमध्ये साच्यात शिसं ओतून जड गोळ्या करतात आणि आपल्या मोठ्या रिव्हॉल्व्हरची, कार्बाइनची, म्हणजे आखूड बंदुकीची, काडतुसं स्वतःच भरतात. आज मी चहाचा थर्मास घेऊन गेलो. ते काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांत मापाने बंदुकीची दारू टाकत होते. मी सवयीने आग्रह केला, "हॉट, हॉट, आधी घ्या." ते थांबले, चहा प्यायले, पुन्हा कामाला लागले.

सगळ्या पुंगळ्या भरल्यावर त्यांनी रिकाम्या स्टुलाला विचारलं, "ओके, डोना?" डोना त्यांची बायको, मागच्या हिवाळ्यात गेली. पुंगळ्या तपासायचं काम तिचं असायचं. ते दर वेळी असं विचारतात, क्षणभर थांबतात आणि गोळ्या बसवतात.

आज बसवल्या नाहीत. चेहरा पांढराफटक पडला. टॉर्चने एकेक पुंगळी पाहिली. एकीत दारू दुप्पट होती. माझ्या चहापायी तिच्यात दोनदा माप पडलं होतं. बार काढताना रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातातच फुटलं असतं.

मुलगी म्हणते, "बाबा, त्यांना आठवलं असेल. यू वरी टू मच."

असेलही. पण त्यांनी विचारल्यावर स्टुलाकडून 'नो' आलं, आणि इंग्रजी येत नसलं तरी मला तेवढं कळतं. आवाज बाईचा होता, आणि गॅरेजात आम्ही दोघे म्हातारेच होतो.

उद्या रॉयनी परत बोलावलंय. तुम्ही गेला असतात का?